पडशीचे वजन

पायी पंढरीला निघालेला एखादा नवखा मला विचारतो, "मास्तर, बरोबर काय काय घेऊ?" तेव्हा मी त्याला उलट विचारतो, "बाबा रे, तुझे वजन किती?" तो हसतो. पण वाचकहो, यात थट्टा नाही. हा प्रश्न विचारायला मी फार उशिरा शिकलो.

गोष्ट २०१६ सालची. आमचा धाराशिव जिल्हा तेव्हा कागदोपत्री उस्मानाबाद होता. दुष्काळ असा, की शेजारच्या लातूरला एप्रिलपासून आगगाडीने पाणी येत होते. आषाढीला कळंब तालुक्यातील आमच्या गावची वीस-बावीस माणसांची दिंडी निघाली. मोठ्या दिंड्यांचे सामान ट्रकमधून पुढे जाते. आमच्या दिंडीला ट्रक कुठला? ज्याचे ओझे त्याच्या खांद्यावर.

पुतण्याने पुण्याहून पाठीवरची पिशवी धाडली होती, चांगली ६० लिटरची. मोठ्या पिशवीचा एक दुर्गुण असा, की तिच्यात रिकामी जागा दिसते, आणि दिसली की ती भरावीशी वाटते. कपड्यांचे पाच जोड, वाकळ, दशम्या-चटणीचा स्टीलचा डबा, घरचा पारायणाचा ग्रंथ, आणि वाटेत पाणी मिळेल की नाही या धास्तीने पाण्याच्या पाच बाटल्या! आडत दुकानातल्या काट्यावर वजन भरले १३ किलो. माझे स्वतःचे ६२. म्हणजे पाचवा हिस्सा मी पाठीवर घेतला होता.

दिंडीत माझी आत्या होती. वय सत्तर. तिच्या खांद्यावर जुनी पडशी, एक खण पुढे, एक मागे. पुढच्यात तांब्या, टाळ, गूळ-शेंगदाणे. मागच्यात एक लुगडे, चोळी आणि पांघरायचे चवाळे. सारे मिळून चार किलोही नसेल, आणि तेही दोन्हीकडे सारखे तोललेले. तेरला गोरोबाकाकांच्या देवळात टेकलो, तेव्हा माझ्या पिशवीकडे बघून ती म्हणाली, "काय रं, पंढरीला बिऱ्हाड करायचं हाय का?" सगळे हसले. मीही हसलो, काढले मात्र काही नाही.

धाराशिव गाठले, तुळजापूरला आईचे दर्शन झाले. पुढे सोलापूरच्या वाटेला घाट उतरायचा होता. उतार म्हणजे सोपी वाट, असे मला वाटे. पण उतरताना प्रत्येक पावलाला अंगाचा आणि ओझ्याचा भार गुडघ्यावर आदळतो. अर्ध्या घाटात माझा उजवा गुडघा धरला. त्यातच पाऊस आला आणि वाकळ भिजून दुप्पट जड झाली. मी दरडीशी बसकण मारली. आत्या आली, काही न बोलता तिने माझ्या पिशवीतून दोन बाटल्या आणि ग्रंथ काढून आपल्या पडशीत घातला आणि चालू लागली. मी "आत्या, राहू दे," म्हणालो खरा, पण हळूच म्हणालो.

त्या रात्री तामलवाडीला मुक्काम पडला. पहाटे भजनाला आत्याच्या हातात टाळ नव्हते. तिचा खांदा सुजला होता, हात वर जात नव्हता. वीस वर्षांच्या वारीत तिचे टाळ तेव्हा पहिल्यांदा थांबले. माझ्या धास्तीचे वजन तिच्या खांद्यावर गेले होते. आणि गंमत अशी, की वाटेत गावोगावचे लोक घागरी घेऊन उभे होते. माझ्या पाचांतल्या तीन बाटल्यांचे बूचही उघडले नव्हते.

सोलापूरला गावाकडे परतणाऱ्या एकाजवळ मी निम्मे सामान दिले. पिशवी सहा किलोवर आली आणि मी पंढरपूर गाठले.

तेव्हापासून माझा हिशेब ठरलेला आहे. अंगाच्या वजनाचा दहावा हिस्सा, पाण्यासकट. स्पेनमध्ये सांतियागोला शेकडो किलोमीटर चालत जाणारे यात्रेकरूही हेच प्रमाण सांगतात. पिशवी ३० लिटरची पुरे. जड वस्तू पाठीलगत ठेवावी, कमरेचा पट्टा आवळावा, म्हणजे भार खांद्यांवरून कमरेवर उतरतो. कपडे दोन जोड. एक अंगावर, एक प्लास्टिकच्या कागदात. पाणी एक लिटर, कारण लिटरभर पाणी म्हणजे किलोभर ओझे. आणि निघण्यापूर्वी भरल्या पिशवीनिशी आठ-दहा किलोमीटर चालून पाहावे. जी वस्तू "लागली तर" म्हणून घेतली असेल, ती तेव्हाच घरी ठेवावी.

आत्या आता वारीला येत नाही; उंबऱ्यात बसून दिंडीला निरोप देते. दरवर्षी निघताना मी पिशवी तिच्यापुढे ठेवतो. ती एका हाताने उचलून बघते, खाली ठेवते आणि म्हणते, "हं, जा आता."