टोपी नको, चोच बघा : नदीवरचे सुरय

उजनीसारख्या धरणांवर आणि नद्यांवर काळ्या टोपीचे, करडे-पांढरे पक्षी घिरट्या घालतात, ते सुरय. लांबून सगळे सारखेच. हिवाळ्यात त्यांची टोपीही विरते, म्हणून आम्ही आधी चोच बघतो.

जाड, पिवळीधमक चोच, लाल पाय, लांब दुभंगलेली शेपूट : हा नदी सुरय. चोच बारीक, नारिंगी आणि अंगानं लहान, तर काळ्या पोटाचा सुरय. त्याचं पोट विणीच्या दिवसांतच काळं असतं, एरवी पांढरं. नुसत्या पोटावर जाऊ नका. हिवाळ्यात तिसराही येतो : चोच काळपट, शेपूट आखूड. तो सूर मारण्यापेक्षा पाण्यावरचं अलगद टिपतो.

ओळखायचं कशाला? पहिले दोघे उन्हाळ्यात उघड्या पडलेल्या वाळूवरच अंडी घालतात. घरटं म्हणजे नुसता खळगा, अंडी वाळूच्याच रंगाची. काळ्या पोटाचा सुरय तर आता जगातच फार थोडा उरलाय. तेव्हा सुरय डोक्यावर ओरडत झेपावला, की तिथून मागे फिरा. गुरं-कुत्री आवरा. अशा जागी वाळूउपसा होत असेल, तर गटानं मिळून ग्रामसभेत विषय मांडा.