नन्सचे मेंदू काय सांगतात?

श्रद्धाळू माणसाची स्मृती म्हातारपणी शाबूत राहते, असं ‘नन स्टडी’चं नाव घेऊन सांगणारे भेटतात. जरा थांबा. 1986मध्ये डेव्हिड स्नोडन यांनी अमेरिकेत सुरू केलेल्या या अभ्यासात 678 वयस्कर कॅथलिक नन्स होत्या. राहणी, जेवण जवळपास सारखं, त्यामुळे तुलना सोपी. पण श्रद्धाळू तर सगळ्याच! मग श्रद्धेचा परिणाम ताडून बघणार कशाशी? शिवाय त्यांच्यातल्या कित्येकींना स्मृतिभ्रंश झालाच. तेव्हा आजी प्रभूची प्रार्थना विसरली, तर तिची श्रद्धा कमी पडली असं कृपया म्हणू नका.

या सिस्टर्सनी मृत्यूनंतर मेंदू द्यायचं कबूल केलं (बऱ्याचजणी शिक्षिका, शोभतं त्यांना), म्हणून तर कळलं: 101व्या वर्षी वारलेल्या सिस्टर मेरींच्या मेंदूत अल्झायमरच्या खुणा भरपूर होत्या, तरी चाचण्यांत गुण उत्तम.