एकाच डोळ्याची लेन्स

संपादकांना लेख हवा होता चष्म्याच्या दुकानांवर. कॉन्टॅक्ट लेन्सचे डबे लोक आता मोबाइलवर मागवतात, दुकानात येतात ते नंबर तपासून घ्यायला. मग हे धंदे तगणार कसे, असा त्यांचा प्रश्न होता. पुण्यातल्या एका ऑप्टोमेट्रिस्ट मॅडमना मी तोच विचारला. त्या म्हणाल्या, "ज्या लेन्सचा डबाच नसतो, ती आम्ही देतो. बघायची असेल तर आधी लॅबमध्ये जाऊन या." शहराबाहेरच्या औद्योगिक वसाहतीतल्या त्या लॅबमध्ये मी गेले आणि दुकानांचा विषय बराच वेळ बाजूलाच राहिला.

लॅबमध्ये कच्च्या मालाला 'बटण' म्हणतात. सव्वा सेंटिमीटर व्यासाची, किंचित निळसर, पारदर्शक चकती. सिलिकॉन आणि फ्लोरिन मिसळलेलं हे अ‍ॅक्रिलिक आहे. हाताला टणक लागतं, तरी ऑक्सिजन आरपार जाऊ देतं. कॉर्नियात, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यात, रक्तवाहिन्या नसतात. तो आपला ऑक्सिजन बराचसा थेट हवेतून घेतो, त्यामुळे त्याच्यावर काय ठेवायचं याचा विचार जपून करावा लागतो. या बटणातून जी लेन्स निघते ती मध्यभागी जेमतेम दीडदोन दशांश मिलिमीटर जाडीची असते. उरलेल्या मालाचा भुगा होतो.

डब्यातली लेन्स बहुसंख्य डोळ्यांना चालते, हे आधी मान्य करायला हवं. पण ती चालते कशी, ते बघा. डब्यावर वक्रतेचे फार तर दोन पर्याय असतात, व्यास चौदा मिलिमीटरच्या आसपास ठरलेला, तिरप्या नंबराच्या चारेक पायऱ्या आणि त्याचा कोन दहा-दहा अंशांनी. कासाराकडच्या बांगड्यांसारखंच: दोन-चार, दोन-सहा, दोन-आठ. मधलं माप निघालं तर कासार हात दाबून, साबण लावून बांगडी चढवतो. कॉर्निया असा दाबता येत नाही. ज्याचा नंबर फार मोठा, ज्याचा कॉर्निया नेहमीपेक्षा लहान किंवा मोठा, ज्या बाळाचा मोतीबिंदू काढला पण आत भिंग बसवलेलं नाही, ज्याच्या डोळ्याला मार लागून व्रण राहिलाय, अशांसाठी डब्यात काही नसतं.

गंमत म्हणजे डबाच नंतर आला. खगोलशास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांचा १८४५ मध्ये छापलेला प्रकाशावरचा लेख आहे. वेड्यावाकड्या कॉर्नियावर काचेच्या कुपीतून पारदर्शक जेली बसवावी, किंवा कॉर्नियाचा साचाच घ्यावा, असं त्यांनी त्यात सुचवलं होतं. १८८८ मध्ये झुरिचमध्ये अडॉल्फ फिक यांनी काचेच्या लेन्स आधी सशांच्या आणि मग स्वतःच्या डोळ्यांत घालून पाहिल्या. त्याच वर्षी पॅरिसमध्ये युजेन काल्ट शंकूसारख्या कॉर्नियावर काच बसवू पाहत होते. पुढच्याच वर्षी कील विद्यापीठाच्या आउगुस्ट म्युलर यांनी स्वतःच्या उणे १४ नंबरच्या डोळ्यांसाठी लेन्स केली. कोकेनचे थेंब टाकूनही ती त्यांना अर्ध्या तासापलीकडे सोसली नाही. ही सगळी मंडळी एकेका डोळ्यासाठी एकेक लेन्स करत होती. घाऊक लेन्सचा रस्ता खुला झाला तो १९६१ च्या नाताळात. प्राग शहरात ओट्टो विख्टर्ले यांनी घरच्या टेबलावर मुलांच्या मेकॅनो जातीच्या खेळातले भाग आणि सायकलचा डायनॅमो जोडून मऊ लेन्स ओतण्याचं यंत्र उभं केलं. १९७१ मध्ये अमेरिकेत मऊ लेन्सला परवानगी मिळाली आणि जगभरच्या लोकांना लेन्स म्हणजे डबा असं वाटू लागलं.

लॅबमध्ये सगळे ज्यांना नुसतं 'काका' म्हणतात, ते मुळात आयटीआयचे टर्नर. आधी गाड्यांचे सुटे भाग कातायचे. इथली लेथ मशीन संगणकावर चालते, तिच्या टूलच्या टोकाला हिरा असतो आणि स्पिंडल हवेच्या पातळ गादीवर तरंगत फिरतो. "तिकडं माप शंभराव्या भागात चुकलं तरी साहेब पास करायचे," काका म्हणाले. "इकडं ०.०५ मिलिमीटरनं गोलाई चुकली की पेशंटचा पाव नंबर बदलला."

आधी बटणाची आतली बाजू कातली जाते, म्हणजे डोळ्याकडची. मग ते मेण लावून दुसऱ्या दांड्यावर बरोबर केंद्रावर चिकटवायचं आणि बाहेरची बाजू कातायची. कातताना निघणारा प्लॅस्टिकचा पांढरा धागा स्थिर विजेमुळे सगळीकडे चिकटतो, त्यामुळे शेजारी सक्शनची नळी सतत घोंघावत असते. मेण काढून लेन्स धुतली की तिची वक्रता, नंबर, व्यास आणि कड तपासतात. कडेशी काका सगळ्यात जास्त वेळ घालवतात. भिंगाखाली लेन्स फिरवत राहतात, कारण पापणीला नंबर कळत नाही, कड कळते.

मला जे कोडं पडलं होतं ते वेगळंच. लेथवर वस्तू स्वतःभोवती फिरते, म्हणजे तिच्यावर जे कातलं जाईल ते गोलच होणार. पण तिरप्या नंबराच्या डोळ्याला लागणारी लेन्स आडवी एका गोलाईची आणि उभी दुसऱ्या गोलाईची असते. फिरत्या वस्तूवर हे कातायचं कसं? काकांनी ड्रॉवरमधून एक जुनी पितळी कडी काढली. तिला दोन बाजूंनी स्क्रू होते. पूर्वी पातळ केलेलं बटण या कडीत बसवायचं, स्क्रू आवळून ते अगदी किंचित वाकवायचं, आणि त्या वाकलेल्या अवस्थेतच त्याच्यावर साधी गोल वक्रता कातायची. स्क्रू सैल केले की बटण मूळ आकारात परत येतं आणि कातलेली गोलाई मात्र दोन दिशांना दोन वेगळ्या मापांची होते. किती आवळायचं हे कोष्टकात असायचं, पण प्रत्येक बटण थोडं वेगळं वागायचं. "बोटाला कळायचं," एवढंच काका म्हणाले आणि कडी पुन्हा ठेवून दिली. नव्या मशीनमध्ये हिराच प्रत्येक फेऱ्यात दोनदा मागेपुढे होतो, स्पिंडल कितीही वेगात असला तरी. ही हालचाल मायक्रॉनमध्ये मोजायची, त्यामुळे डोळ्याला दिसत नाही. फक्त आवाजात एक बारीक थरथर येते, आणि काका ती ऐकून टूल बोथट झालं का ते सांगतात. संगणक नंतर तेच सांगतो.

मॅडमच्या क्लिनिकमध्ये त्या आठवड्यात अठरा-एकोणीस वर्षांची एक मुलगी आली होती. बारावीला असल्यापासून दर सहा महिन्यांनी चष्मा बदललेला, तरी फळ्यावरचं दिसत नाही. रात्री रस्त्यावरच्या दिव्यांना "शेपट्या फुटतात," असं ती म्हणाली. टोपोग्राफरवर तिच्या कॉर्नियाचा नकाशा आला तेव्हा खालच्या बाजूला लाल डाग होता: तिथे कॉर्निया पातळ होऊन शंकूसारखा पुढे आलेला. याला केराटोकोनस म्हणतात. डोळे खाजतात म्हणून सतत चोळायची सवय असलेल्या पोरांमध्ये हा बराच दिसतो. पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकांत दोन हजारांत एक असा जुना आकडा असतो. नागपूरजवळच्या खेड्यांत ३० वर्षांवरच्या ४,६६७ जणांचे डोळे मोजले गेले, आणि २००९ मध्ये छापून आलेला आकडा होता २.३ टक्के. तिथे निकष सैल होता, ४८ डायॉप्टर किंवा त्याहून जास्त वक्रता एवढाच, आणि त्यात बसणारा प्रत्येक डोळा केराटोकोनसचा नसणार. तरी निम्म्याहून जास्त आकडा वगळला तरी उरतो तो लहान नाही.

चष्म्याची काच डोळ्यापासून लांब असते, तिला खाचखळगे भरता येत नाहीत. टणक लेन्स मात्र स्वतःच्या मागे अश्रूंचा थर धरून ठेवते, आणि खळगे अश्रूंनीच भरतात. अश्रूंचा अपवर्तनांक १.३३६, कॉर्नियाचा १.३७६. दोन्ही इतके जवळ की प्रकाशाच्या लेखी उंचसखलपणा जवळपास पुसला जातो आणि उरतो तो लेन्सचा गुळगुळीत पृष्ठभाग. हर्शेल यांची जेली ती हीच.

मुलीला स्क्लेरल लेन्स द्यायची ठरली. ही मोठी असते, कॉर्नियाला शिवत नाही, पांढऱ्या भागावर टेकते. मॅडमनी ट्रायल सेटमधली एक लेन्स सलाईनने काठोकाठ भरली, त्यात पिवळा रंग टाकला, मुलीला मान अगदी जमिनीकडे झुकवायला सांगितली आणि खालून लेन्स वर नेली. पहिल्या वेळी आत बुडबुडा राहिला. दुसऱ्या वेळी बसली. निळ्या प्रकाशात लेन्सखालचं पाणी हिरवं चमकतं आणि त्याच्या जाडीवरून अंतर कळतं: साधारण २०० ते ३०० मायक्रॉन हवं, म्हणजे कॉर्नियाच्या स्वतःच्या जाडीच्या निम्मं. पण लेन्स काही तासांत शंभरेक मायक्रॉन खाली बसते, म्हणून मुलीला जेवून यायला सांगितलं. संध्याकाळी पुन्हा बघितलं तर नाकाकडच्या बाजूला लेन्स रक्तवाहिन्या दाबत होती. डोळ्याचा पांढरा भागही गोल नसतो. ती बाजू उचलायची, एवढी नोंद लॅबकडे गेली. चाचणीच्या लेन्सवर वरून नंबर लावून मुलीने तक्त्यातल्या खालच्या ओळी वाचल्या आणि लगेच आईला म्हणाली, "आई, तुझ्या कपाळावर केवढा मोठा तीळ आहे!" आई म्हणाली, "आहेच की. जन्मापासून."

असे डोळे पूर्वी थेट कॉर्निया बदलण्याच्या यादीत जायचे. बेल्जियममधल्या अँटवर्पच्या डॉक्टरांनी २०१८ मध्ये तीव्र केराटोकोनसचा अभ्यास मांडला. एरवी शस्त्रक्रियेला गेले असते अशा ५१ डोळ्यांना त्यांनी स्क्लेरल लेन्स दिली, त्यातल्या ४० डोळ्यांचं काम लेन्सवर भागलं. औषधाच्या रिअ‍ॅक्शनने, स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोमने, डोळ्यातला ओलावाच गेलेल्या माणसांना तर लेन्सखालचं ते पाणी दिवसभर आधार देतं. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद आणि चेन्नईच्या शंकर नेत्रालयात यासाठी खास विभाग आहेत.

आता अडचणी. मॅडमनी त्या सांगायला सुरुवात केली ती थांबेनात.

पहिली गोष्ट, लेन्स शंकू थांबवत नाही. आजार वाढत असेल तर आधी कॉर्निया घट्ट करणारं क्रॉसलिंकिंग, ज्याला आपल्याकडे सीथ्रीआर म्हणतात, आणि चोळणं बंद. लेन्स लागली, दिसायला लागलं, की पोरं पुढच्या तपासणीला फिरकत नाहीत. दुसरं, सलाईन. प्रिझर्व्हेटिव्ह नसलेलं, एकदा उघडून टाकून द्यायचं हवं. तालुक्याच्या गावी ते मिळत नाही, मग लोक दवाखान्यातली अर्ध्या लिटरची बाटली आणतात आणि आठवडाभर पुरवतात. कुणी सरळ नळाचं पाणी वापरतं. नळाच्या पाण्यात अकँथअमीबा नावाचा जीव असू शकतो आणि तो कॉर्नियात शिरला तर महिनोन्‌महिने उपचार चालतात, कधी डोळाही जातो. बीडहून किंवा यवतमाळहून येणाऱ्याला फिटिंगसाठी तीन-चार खेपा म्हणजे तेवढ्या दिवसांची मजुरी. लॅबचंही सोपं नाही. बटणं परदेशातून येतात. फिरता स्पिंडल हवेवर तरंगत असताना हवा बंद झाली तर तो घासून खराब होतो, म्हणून वीज जाईल या हिशोबाने टाकीत हवा साठवून ठेवावी लागते.

आणि पैसे. एका डोळ्याची स्क्लेरल लेन्स बहुतेक ठिकाणी पाच आकड्यांत जाते, विमा सहसा देत नाही. "माझे तीन तास कुणाला दिसत नाहीत, प्लॅस्टिक दिसतं," मॅडम म्हणाल्या. तपासणीचे हजार रुपये मागितले तर लोक कुरकुरतात, वस्तूचे तीस हजार देतात. म्हणून क्लिनिकं आपला वेळ लेन्सच्या किमतीत घालतात. तिथून पुढचा प्रश्न निघतो. डब्यावर सगळी मापं छापलेली असतात. खास बनवलेल्या लेन्सची मापं मात्र क्लिनिक आणि लॅब यांच्याकडेच राहतात. पेशंट नोकरीसाठी बंगळूरला गेला आणि लेन्स बेसिनमध्ये वाहून गेली, तर त्याने पहिल्यापासून सुरुवात करायची किंवा पुण्याला यायचं. संपादकांना धंदा तगण्याचं कारण हवं होतं, ते हे आहे, आणि मला ते आवडलं नाही. अमेरिकेत २००४ पासून कायदा आहे: फिटिंग पुरं झालं की पेशंटने न मागताही लेन्सचं प्रिस्क्रिप्शन हातात द्यायचं.

मी मॅडमना तसं म्हटलं. त्या चिडल्या नाहीत. मापं लिहून दिली तर दुसरा कुणी फिटिंगचे कष्ट न घेता स्वस्तात तीच लेन्स मागवेल, आणि बसली नाही तर पेशंट माझ्याकडेच भांडायला येईल, असं त्यांचं म्हणणं. तरी गेल्या दिवाळीपासून त्यांनी फिटिंगची फी वेगळी केली आहे, लेन्सची किंमत उतरवली आहे आणि मापांचा कागद शिक्का मारून देतात. त्यानंतर दोन पेशंट फी ऐकूनच निघून गेले. त्या मुलीच्या आईने ती भरली, पण दोन हप्त्यांत.