क्रूझवर चढण्यापूर्वी

मुंबईहून गोव्याला किंवा लक्षद्वीपला क्रूझने पहिल्यांदाच निघाला असाल, तर केबिन निवडताना खिडकीआधी जागा पाहा. लाटांवर जहाजाची टोकं जास्त वरखाली होतात. मधल्या भागातल्या, खालच्या मजल्यावरच्या केबिनला हेलकावे कमी जाणवतात. बोट लागणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारून गोळी निघण्याआधीच घ्यावी.

बंदरावर सोपवलेल्या बॅगा केबिनपर्यंत पोचायला कधीकधी काही तास जातात. आमच्या शेजारच्या काकूंची रक्तदाबाची गोळी अशाच बॅगेत अडकली होती. औषधं आणि ओळखपत्र हातातल्या पिशवीतच हवं. किनारा सुटला की मोबाइल फ्लाइट मोडवर टाका, जहाजावरच्या नेटवर्कचं रोमिंग फार महाग पडतं. आगीच्या धोक्यामुळे जहाजावर इस्त्री चालत नाही, ती घरीच ठेवा.

सुरक्षा कवायत मात्र कुणीही चुकवू नये, हे कळकळीचं सांगणं. २०१२मध्ये इटलीच्या किनाऱ्याजवळ ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ खडकावर आदळली, तेव्हा त्याच संध्याकाळी चढलेल्या शेकडो प्रवाशांची कवायत झालेलीच नव्हती. त्या दुर्घटनेत ३२ जण दगावले. संकटात जमायचं ठिकाण कोणतं आणि तिथे कोणत्या जिन्याने जायचं, हे मुलांसकट सगळ्यांनी पहिल्याच दिवशी चालून पाहावं.