पोर्तुगीज नाशकात आले नव्हते, बादली आली

दिवाळीची आवराआवर सुरू झाली की मराठीच्या शुद्धतेवरही चर्चा रंगते. ‘बकेट’ म्हणू नका, ‘बादली’ म्हणा, असं बजावलं जातं. सल्ला चांगला आहे, मीही बादलीच म्हणतो. पण हा शब्द पोर्तुगीज ‘बाल्द’वरून आलाय म्हटलं, की लगेच उत्तर तयार असतं: ‘पोर्तुगीज नाशकात कधी आले होते?’

आले नव्हते. पण शब्द यायला राज्यकर्ता दारात यावा लागतो, हे कुणी ठरवलं? बटाटा पिकवणाऱ्या किती गावांनी पोर्तुगीज पाहिला होता? वसई १५३४ ते १७३९, दोनशेहून अधिक वर्षं त्यांच्या ताब्यात होती. चौल आणि दमणही त्यांचंच. कोकणातून देशावर चढणारी थळ घाटाची, म्हणजे आजच्या कसाऱ्याची, वाट नाशकातच येते. त्या वाटेनं माल आला, माणसं आली, त्यांच्या तोंडचे शब्दही आले.

‘बादलीत पाणी, म्हणून बादल’ ही व्युत्पत्ती तर ऐकवत नाही. आकाशात भरून येतं त्याला आपण ढग म्हणतो, बादल हिंदीत. मुंबई-कोकणात आजही ‘बालदी’ ऐकू येतं; त्यातल्या ल आणि द यांनी जागा बदलल्या की बादली. नुकसानाचं ‘नुसकान’ अन् मतलबचं ‘मतबल’ याच रीतीनं होतं. खात्री करायची तर गोव्यातल्या आसगावचे सेबास्तियाँव रोदोल्फो दालगादो यांचा १९१३चा ग्रंथ पाहावा. पोर्तुगीज शब्द आशियाई भाषांत कसे पसरले, याची त्यांनी शब्दवार नोंद केली आहे. मोरीतलं पिंप (पिपा), रेती-केर उचलायचं घमेलं (गामेला), कुलपाची चावी (शाव्ह) याच वाटेचे. कामवाल्या मावशींचा पगारही.

इस्त्रीचा स्त्रीशी काही संबंध नाही. ती ‘एस्तिरार’, म्हणजे ताणणं, यावरून आली.

आता उलटा अतिरेक: ‘साबणही पोर्तुगीजच.’ नाही. तो अरबी ‘साबून’, फारसीमार्गे आलेला. गुरू नानकांच्या ‘जपुजी’त हा शब्द आहे. नानकांचं निधन १५३९चं, आणि पंजाबात पोर्तुगीजांची सत्ता कधीच नव्हती. ‘सबांव’शी दिसतं ते साम्य खरं आहे, कारण अरबी आणि पोर्तुगीज दोन्ही शब्दांचं मूळ लॅटिन ‘सापो’पर्यंत जातं.

फरशीसुद्धा अरबी. फिनाईल, ब्रश, बेसिन इंग्रजांकडून.

पण या यादीत जवळजवळ सगळी नावं वस्तूंची आहेत, याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. हातानं करायची कामं पाहा: झाडणं, पुसणं, घासणं, विसळणं, सारवणं, खंगाळणं. यातलं एकही क्रियापद पोर्तुगीजांकडून वा इंग्रजांकडून आलेलं नाही. आणि लक्ष्मीपूजनाला हळदकुंकू लावून जिची पूजा होते, ती केरसुणीही आपलीच.