संगणक जुळणी, खेळांसाठीची
संगणकावरील खेळ सुरळीत खेळता यावेत या हेतूने सुटे भाग निवडून वैयक्तिक संगणक तयार करण्याच्या क्रियेस ही संज्ञा लावतात. प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड, मदरबोर्ड, रॅम, साठवण, वीजपुरवठा, कॅबिनेट व मॉनिटर हे अशा जुळणीचे प्रमुख घटक होत. खर्चाची मर्यादा ठरलेली असते तेव्हा एका घटकावर केलेला जादा खर्च दुसऱ्या घटकातून वजा होतो. म्हणून अल्पखर्ची जुळणीत एखादा घटक अत्युत्तम असण्यापेक्षा सर्व घटकांत समतोल असणे अधिक महत्त्वाचे असते. खेळाचा वेग सर्वांत अपुऱ्या पडणाऱ्या घटकाने मर्यादित होतो, हे या निवडीमागील मूलतत्त्व आहे.

पार्श्वभूमी : आयबीएम कंपनीने ऑगस्ट १९८१ मध्ये बाजारात आणलेल्या वैयक्तिक संगणकाची रचना खुली होती. त्यामुळे अन्य उत्पादकांना त्याच्याशी जुळणारे भाग तयार करता आले. १९९५ मध्ये इंटेलने एटीएक्स हे मानक प्रसिद्ध केले. त्यात मदरबोर्डाचा आकार, स्क्रूंची स्थाने व वीजजोडण्या निश्चित केल्या गेल्याने निरनिराळ्या उत्पादकांचे भाग एकाच कॅबिनेटमध्ये बसविणे सुलभ झाले. १९९३ मधील ‘डूम’ या खेळातील चित्रे प्रोसेसरच रेखाटीत असे. १९९६ मधील थ्रीडीएफएक्स कंपनीच्या व्हूडूसारख्या कार्डांमुळे त्रिमितीय चित्रणाचे काम स्वतंत्र कार्डाकडे जाऊ लागले. आता खेळांसाठीच्या संगणकाच्या खर्चाचा सर्वांत मोठा वाटा सामान्यतः ग्राफिक्स कार्डाकडे जातो.

मॉनिटर : निवडीचा प्रारंभ मॉनिटरपासून करणे इष्ट असते कारण संगणकाने किती काम करावयाचे, हे तोच ठरवितो. १,९२० × १,०८० च्या पडद्यावरील प्रत्येक चित्रचौकटीत २०,७३,६०० बिंदू असतात. २,५६० × १,४४० च्या पडद्यावर ते सु. १·७८ पट, तर ३,८४० × २,१६० च्या पडद्यावर चौपट होतात. सेकंदाला ६० चौकटी दाखवावयाच्या असल्यास प्रत्येक चौकटीच्या सिद्धतेस सु. १६·७ मिलिसेकंद मिळतात. १४४ चौकटींसाठी हा अवधी केवळ सु. ६·९ मिलिसेकंद असतो. अल्पखर्ची जुळणीसाठी म्हणून पहिल्या प्रकारचा पडदा सोयीचा ठरतो.

प्रोसेसर व ग्राफिक्स कार्ड : खेळातील पात्रांच्या हालचाली, टकरी व नियम यांचे गणित प्रोसेसर करतो आणि काय रेखाटावयाचे हे ग्राफिक्स कार्डास कळवितो, प्रत्यक्ष बिंदू रंगविण्याचे काम कार्ड करते. या दोहोंपैकी कोण अपुरा पडतो, हे एका साध्या चाचणीने कळते. खेळातील बिंदुसंख्या कमी केल्यावर चौकटींचा वेग वाढला, तर कार्ड अपुरे आहे. वेग तेवढाच राहिला, तर बहुधा प्रोसेसर अपुरा आहे. ‘व्हॅलोरंट’ (२०२०) सारख्या स्पर्धात्मक खेळांत कार्डावरील भार हलका असतो, तर ‘सायबरपंक २०७७’ (२०२०) सारख्या दृश्यप्रधान खेळांत तो फार असतो. कोणते खेळ खेळावयाचे, हे न ठरविता केलेली खरेदी त्यामुळे बहुधा असमतोल होते.

कार्डावरील मेमरी अपुरी पडल्यास चित्रांची माहिती मुख्य रॅममधून पीसीआय एक्सप्रेस या मार्गाने आणावी लागते व खेळ अडखळतो. एएमडीच्या रेडिऑन आरएक्स ६५०० एक्सटी (२०२२) या स्वस्त कार्डास ४ गिगाबाइट मेमरी व या मार्गाच्या फक्त ४ मार्गिका आहेत. चौथ्या पिढीच्या मदरबोर्डावर प्रत्येक मार्गिकेतून सेकंदाला सु. २ गिगाबाइट माहिती वाहते, तिसऱ्या पिढीच्या मदरबोर्डावर सु. १ गिगाबाइट. परिणामी ज्या जुन्या संगणकासाठी असे कार्ड घेण्याचा मोह होतो, त्यावरच ते अधिक अपुरे पडते.

कार्ड लगेच घेणे शक्य नसल्यास रायझेन ५ ५६००जी (२०२१) सारखा, चित्रणाची सोय अंतर्भूत असलेला प्रोसेसर घेता येतो. याउलट इंटेलच्या कोअर आय३-१२१००एफ (२०२२) या प्रोसेसरात ती सोय नसते. स्वतंत्र कार्डाशिवाय त्याच्या संगणकाच्या पडद्यावर काहीच उमटत नाही.

मदरबोर्ड व रॅम : प्रोसेसर मदरबोर्डावरील ज्या बैठकीत बसतो, तिचा प्रकार जुळणे आवश्यक असते. एएमडीची एएम४ ही बैठक (२०१६) डीडीआर४ रॅमसाठी, तर एएम५ (२०२२) केवळ डीडीआर५ साठी आहे. या दोन प्रकारच्या रॅम एकमेकींच्या जागी बसत नाहीत. बैठक दीर्घकाळ टिकल्यास पुढील सुधारणा स्वस्तात होते. उदा., २०१७ मध्ये घेतलेल्या अनेक एएम४ मदरबोर्डांवर अंतर्गत आज्ञावली अद्ययावत करून २०२२ मधील रायझेन ५ ५६०० बसविता येतो.

१६ गिगाबाइट रॅम एकाच पट्टीत घेण्यापेक्षा ८ गिगाबाइटच्या दोन पट्ट्यांत घेणे श्रेयस्कर असते. डीडीआर४-३२०० च्या एका पट्टीची वहनक्षमता सेकंदाला २५·६ गिगाबाइट असते. दोन पट्ट्या दोन वाहिन्यांत बसविल्यास ती ५१·२ होते. अंतर्भूत चित्रण मुख्य रॅमच वापरीत असल्याने तेथे हा फरक विशेष जाणवतो. २०२५ च्या उत्तरार्धात कृत्रिम बुद्धिमत्तेच्या माहिती-केंद्रांकडून मागणी वाढून रॅमच्या किंमती झपाट्याने चढल्या. यावरून खर्चाची विभागणी खरेदीच्या वेळच्या भावांवरूनच करावी लागते, हे दिसून येते.

साठवण : साटा जोडणीची एसएसडी सेकंदाला सु. ५५० मेगाबाइट, तर एनव्हीएमई प्रकारची साधारण एसएसडीही त्याच्या कित्येक पट माहिती वाचू शकते. तथापि या वेगाचा लाभ मुख्यत्वे खेळ सुरू होण्यास लागणाऱ्या वेळात होतो. चौकटींच्या वेगात क्वचितच. म्हणून महागड्या एसएसडीवरील खर्च येथे वाचविता येतो.

वीजपुरवठा : बाजारात एसएमपीएस म्हणून ओळखला जाणारा हा घटक खेळाचा वेग वाढवीत नाही, म्हणून काटकसरीची कुऱ्हाड प्रथम त्यावर पडते, परंतु तो बिघडल्यास अन्य सर्व भागांस धोका पोहोचतो. अतिदाब, अतिप्रवाह व मंडलसंक्षेप यांपासून संरक्षण देणारी मंडले निकृष्ट एसएमपीएसमध्ये अपुरी असतात. वेष्टनावरील एकूण वॉटांपेक्षा १२ व्होल्टच्या जोडणीवर किती वॉट मिळतात, हे पाहावे. २००४ मध्ये सुरू झालेले ‘८० प्लस’ हे प्रमाणपत्र कार्यक्षमतेचे असून सुरक्षिततेचे नव्हे. रायझेन ५ ५६०० ची औष्णिक मर्यादा ६५ वॉट असून रेडिऑन आरएक्स ६६०० (२०२१) या कार्डास सु. १३२ वॉट लागतात. इतर भाग धरूनही ही मागणी साधारणतः ३०० वॉटच्या आत राहते. तिला ७५० वॉटच्या हलक्या एसएमपीएसपेक्षा ५०० वॉटचा दर्जेदार एसएमपीएस योग्य होय. घरातील वीजजोडणीस भूसंपर्कन असणेही आवश्यक आहे.

कॅबिनेटमध्ये हवा समोरून आत येऊन मागून बाहेर जाईल, अशी व्यवस्था असावी. तापमान मर्यादेपलीकडे गेल्यास प्रोसेसर व कार्ड आपली गती स्वतःच घटवितात. त्यामुळे कोंदट कॅबिनेटमध्ये महागड्या कार्डाचा काही लाभ उन्हाळ्यात वाया जातो.

वापरलेले भाग : १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियम या कूटचलनाची पद्धत बदलून ग्राफिक्स कार्डांद्वारे त्याचे खनन बंद झाले आणि असंख्य वापरलेली कार्डे बाजारात आली. अशी कार्डे स्वस्त पडतात. मात्र पंखे, तापमान व भाराखालील वर्तन तपासूनच ती घ्यावीत. विंडोज १० ची सर्वसाधारण सेवा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. विंडोज ११ जुन्या प्रोसेसरांना अधिकृतपणे स्वीकारीत नसल्याने फार जुना संगणक स्वस्तात घेणे अंती महाग पडू शकते.

भारतात मुंबईचा लॅमिंग्टन रोड, दिल्लीचे नेहरू प्लेस व बंगळुरूचा एस. पी. रोड हे सुट्या भागांचे प्रसिद्ध बाजार आहेत. सुट्या भागांच्या जुळणीत प्रत्येक भागाची हमी निरनिराळ्या उत्पादकाकडे असते. यास्तव अनुक्रमांकासह पक्के बिल घेणे, हा अल्पखर्ची जुळणीचाच एक भाग समजला पाहिजे.