मॅट्रिक: आत जाण्याचं दार की शेवट?

ऑक्सफर्डला शिकायला गेलेल्या नातवानं ‘शनिवारी माझं मॅट्रिक्युलेशन आहे’ असं फोनवर सांगितलं, तर इथली आजी चक्रावूनच जाईल. तिच्या लेखी मॅट्रिक म्हणजे शाळेचा शेवट. ऑक्सफर्डमध्ये मात्र तो विद्यापीठात रीतसर दाखल होण्याचा समारंभ. नवे विद्यार्थी गाऊन चढवून त्याला जातात.

या शब्दाच्या मुळाशी लॅटिनमधली नोंदवही आहे. मॅट्रिक्युलेशन म्हणजे विद्यापीठाच्या पटावर नाव चढणं. १८५७ साली मुंबई विद्यापीठ निघालं ते लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर. ते स्वतः शिकवत नसे. परीक्षा घेई आणि पदव्या देई. त्यात शिरण्याची परीक्षा म्हणजे मॅट्रिक. १८५९ च्या पहिल्याच परीक्षेत महादेव गोविंद रानडे उत्तीर्ण झाले आणि १८६२ साली बी.ए. झाले. पण कॉलेजचा खर्च झेपणारी घरं थोडी. पुढच्या पिढ्यांतल्या कितीतरी मुलांनी मॅट्रिक होताच कारकुनी धरली, मास्तरकी धरली. आत जाण्याची परीक्षा अशी शिक्षणाची अखेर ठरली. ‘नॉनमॅट्रिक’ हा शब्द तर नापास मुलाला आयुष्यभर चिकटला. मला तो फार निर्दय वाटतो.

म्हणूनच ‘आय गेव्ह द एक्झाम’ म्हणणाऱ्या मुलाला मुलाखतीत कुणी हसलं, की राग येतो. मराठीत परीक्षा देतातच. लंडनमध्ये ती ‘टेक’ करतात किंवा तिला ‘सिट’ करतात, एवढं शिक्षकानं शांतपणे सांगावं. ‘पास आउट’बद्दल मात्र आवर्जून सावध करावं: लष्करी प्रबोधिनी सोडली, तर तिकडे त्याचा सरळ अर्थ शुद्ध हरपणं.

आणि घोळ काही आपणच घालतो असं नाही. इंग्लंडमधलं ईटन १४४० साली गरीब मुलांसाठी स्थापन झालं; आज त्याची फी भल्याभल्यांना परवडत नाही, तरी ते ‘पब्लिक स्कूल’च. कुठल्याही गावच्या मुलाला तिथे येता येई, म्हणून पब्लिक. अमेरिकेत त्याच नावाची शाळा सरकारी आणि मोफत असते. आपल्याकडच्या खासगी शाळांनी पाटीवर नाव घेतलं ते इंग्लंडचं.

‘रिव्हिजन’ हा शब्द आपल्या मुलांनी लंडनमध्ये बिनधास्त वापरावा. तिथेही त्याचा अर्थ उजळणीच. अमेरिकेत उजळणीला ‘रिव्ह्यू’ म्हणावं, कारण तिथल्या प्राध्यापकानं ‘रिव्हिजन’ मागितली, तर त्याला निबंध सुधारून हवा असतो.